पेढीविना साम्राज्य

‘एज ऑफ एम्पायर्स’ हे नाव शाळकरी किंवा महाविद्यालयीन मुले असलेल्या घरांत अपरिचित नसावे. या संगणकीय खेळमालेतील तिसऱ्या खेळाला २००७ साली ‘द एशियन डायनॅस्टीज’ ही पुरवणी जोडली गेली आणि चीन व जपान यांच्यासह भारत तीत दाखल झाला. २०२० मध्ये खेळाची नवी आवृत्ती निघाली. बुद्धिबळाप्रमाणे येथे आळीपाळीने चाल होत नाही. दोन्ही पक्षांचे घड्याळ एकाच वेळी चालू असते. अन्न, लाकूड व नाणे जमवावे, इमारती उभाराव्यात, सैन्य सिद्ध करावे आणि शत्रूचे नगर पाडावे, असा एकूण क्रम असतो.

पुष्कळ मुलांना सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांचे पहिले दर्शन आता पाठ्यपुस्तकातून नव्हे, या पडद्यावरून घडते. माझ्या नातवाला चारमिनार व आग्र्याचा किल्ला येथूनच ठाऊक झाला. त्यामुळे हा खेळ काय दाखवितो आणि काय गाळतो, हे वडीलधाऱ्यांनी एकदा शेजारी बसून पाहण्याजोगे आहे.

चित्रण देखणे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ताजमहाल आहे, करणीमातेचे मंदिर आहे, चितोडचा विजयस्तंभही आहे. (त्याच गडावरील भगवान आदिनाथांचा कीर्तिस्तंभ विजयस्तंभाहूनही जुना; त्याला मात्र जागा मिळालेली नाही.) १८५७ च्या उठावावर बेतलेल्या कथेतील एका भारतीय अधिकाऱ्याचे नाव ‘नानिब साहिर’ असे ठेवले आहे. नानासाहेबांच्या नावाची अक्षरे पत्त्यांप्रमाणे पिसली, तर असे काहीतरी हाती लागेल! असे नाव आपल्याकडे कोणत्याही जातीधर्मात मी ऐकलेले नाही.

गाईंची तऱ्हा अशीच. इतर बहुतेक पक्ष जनावरे मारून अन्न मिळवितात. भारतीय पक्ष गाई मारीत नाही, त्यांना एका राखीव कुरणात ठेवतो व त्याबद्दल त्याला अनुभवाचे गुण मिळतात. निर्मात्यांचा हेतू आदराचाच असावा. पण येथे गाय राखली जाते ती फळ मिळते म्हणून. शेठ मोतीशा व जमशेटजी जीजीभाई यांनी १८३४ मध्ये मुंबईत पांजरपोळ उभी केली, ती दूध न देणाऱ्या, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांसाठीही. परतावा नसलेला खर्च या खेळाच्या हिशेबात बसूच शकत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला सर्वांत अधिक खटकतो तो खेळातील समुद्र. त्याला भरती नाही, ओहोटी नाही, वारा पडणे नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि काही तासांनी तोच किल्ला चारही बाजूंनी पाण्यात उभा असतो. खेळात पाणी ते पाणी आणि जमीन ती जमीन. चिनी पक्षाला त्याची जंक जहाजे दिली आहेत, जपान्यांना त्यांची. भारतीय गोदीतून मात्र फ्रिगेटसारखी युरोपीय घाटाची जहाजेच बाहेर पडतात. गुराब व गलबत यांचा पत्ता नाही.

ही उणीव केवळ नावांची नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून ते रोखू पाहिले. वारा पडला की त्यांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्री सामान पोहोचवीत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती पडले. ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटने आपल्या काही होड्या बुडविल्या हेही खरे. परंतु बेट मराठ्यांकडेच राहिले. खेळाच्या नियमांनी ही लढाई मांडली, तर फ्रिगेट प्रत्येक वेळी जिंकेल.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी या पाण्यावर जी सत्ता गाजविली, ती बरीचशी कागदावर होती. व्यापारी जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास परिणाम भोगावा. पोर्तुगीजांचा कार्ताझ हा परवानाही त्याच जातीचा. चौलच्या बंदरातून माल हाकणाऱ्या व्यापाऱ्याला कोणाचा परवाना घ्यावा, हा तोफांइतकाच गंभीर प्रश्न होता. खेळात व्यापार म्हणजे ठरलेल्या मार्गावर फिरणारी गाडी. वाटेवर ठाणे बांधले की उत्पन्न सुरू.

आणि आता माझ्या जुन्या पेशाची गोष्ट. या खेळात बँक आहे, पण ती डच पक्षाकडे. लाकूड व अन्न खर्चून इमारत उभी केली की तिच्यातून नाणी आपोआप पाझरू लागतात. ठेवीदार नाही, कर्जदार नाही, तारण नाही, थकबाकी नाही. अशी शाखा मला चौतीस वर्षांच्या नोकरीत कोठेही बदलीवर मिळाली नाही! भारतीय पक्षाला तर एवढेही नाही. हुंडी नाही, आडत नाही, वहीखाते नाही.

वस्तुतः त्याच शतकात, आपल्याच किनाऱ्याने उत्तरेस गेल्यावर लागणाऱ्या सुरतेत, विरजी वोरा हे जैन व्यापारी इंग्रज कंपनीला कर्ज देत होते. कंपनीची जहाजे विलायतेहून येईपर्यंत येथील खरेदी चालावी कशी, याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या पेढीवर मिळे. मिरी, प्रवाळ, अफू अशा जिन्नसांचे मोठमोठे सौदे ते एकहाती करीत. साम्राज्यांचा हा खेळ साम्राज्यांना भांडवल कोठून मिळाले, हेच विचारीत नाही.

खेळात डच बँकेची इमारत पाडली की तिचे उत्पन्न त्याच क्षणी थांबते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वारीत विरजी वोरांचे घर व वखारीही सापडल्या. रोकड गेली, जवाहीर गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो त्यांची गणना नगरातील अत्यंत धनाढ्य व्यापाऱ्यांत करतो.