परमिट रूमचा हिशेब

आयर्लंडमधल्या छोट्या गावातल्या पबचं आकर्षण बिअरपेक्षा त्याच्या उघडेपणात आहे. दारावर मालकाचं आडनाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, आणि काही जुन्या पबांत अजूनही एका बाजूला वाणसामान किंवा खिळे-बिजागऱ्या विकायला ठेवलेल्या. तिथे कोण बसलंय हे गावाला ठाऊक असतं, आणि बसणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर घोडबंदर रोडवरच्या लाउंजमध्ये जाऊन उपयोग नाही. तो स्टेशनबाहेर सापडतो. काळी काच, आत लालसर अंधार, टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच, वरच्या मजल्यावर ‘एसी फॅमिली रूम’ आणि पाटीवर ‘रेस्टॉरंट अँड बार’च्या खाली बारीक अक्षरांत ‘परमिट रूम’. माझं म्हणणं असं, की ही खोली गिऱ्हाइकाने घडवलेली नाही आणि मालकानेही नाही. ती कायद्याने घडवली आहे. तिच्यात जे ओशाळवाणं वाटतं त्याचा बराचसा उगम दारूत नाही, परवान्यात आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, आणि 1950 पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. साठच्या दशकात महाराष्ट्राने ती सैल केली, पण कायदा मोडीत काढला नाही. त्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, ‘दारूबंदी’ मात्र कायम राहिली. म्हणजे कागदोपत्री इथे आजही बंदीच आहे आणि पिणारा प्रत्येक जण अपवाद आहे. या कायद्यात आरोग्यासाठीचा परवाना आहे, घरात अडीअडचणीला ब्रँडी ठेवण्यासाठीचा वेगळा परवाना आहे. पिणाऱ्याकडे बघण्याची सगळी दृष्टीच रुग्णाकडे बघण्याची. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये. वर्षाचा 100, तहहयात 1000. बिअर आणि वाइनला वय 21, त्यापुढच्या दारूला 25. आता डोंबिवलीच्या बारमध्ये संध्याकाळी बसलेल्या शंभर जणांकडे परवाना मागून पाहा. बहुतेकांना अशी काही भानगड असते हेच नव्याने कळेल.

मग नियम पाळतो कोण? काउंटरमागचा माणूस. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत लक्षवेधी वाटतो तो हाच, आणि त्याच्या हातातलं स्टीलचं दुतोंडी माप: एका बाजूला तीस मिली, दुसऱ्या बाजूला साठ. 750 मिलीच्या बाटलीतून तीसचे पंचवीस पेग बरोबर निघतात, साठचे मात्र साडेबारा. तो उरलेला अर्धा पेग रात्री हिशेबात बसवावा लागतो. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये तीन साठ किंवा दोन नाइन्टी. नाइन्टी नावाचं विचित्र माप क्वार्टर दोघांत सरळ वाटायला सोयीचं. रोज ब्रँडवार आरंभीची शिल्लक, आलेला माल, विकलेला माल, अखेरची शिल्लक असं रजिस्टर भरायचं, आणि उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक आला की फोडलेल्या बाटलीतली पातळीसुद्धा त्या आकड्याशी जुळायला हवी. हात सैल सुटला तर माल कमी भरतो, आखडला तर गिऱ्हाईक ओरडतं. दहाव्या टेबलावरच्या माणसाने आणखी एक मागितला तर आणायला किती वेळ लावायचा, हेही तोच ठरवतो. ते मात्र कुठल्याही रजिस्टरात चढत नाही. या धंद्यात उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींचा वाटा मोठा आहे. खाणावळीतून वर आलेल्या या पिढीने हिशेबाची शिस्त आणली, आणि चखण्याला उकडलेले शेंगदाणे नि चिकन सुकंही आणलं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो हलका नाही. परमिट रूमचं कौतुक करणाऱ्याने पगाराच्या दिवशी घरात काय होतं ते बघावं. मराठी माणसाला हे शिकवायला नको. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने सुधाकरची अधोगती दाखवली, आणि पिणाऱ्यांच्या मंडळाची टरही उडवली. ठाण्यात तलावपाळीवरचं मुख्य नाट्यगृह याच नाटककाराच्या, गडकऱ्यांच्या, नावाचं आहे. तिथून चालत पाच-दहा मिनिटांत किती परमिट रूम लागतात ते पाहिलं तर गडकऱ्यांनाच हसू आलं असतं. बायकांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दुकानं बंद पाडली. चौथा हिस्सा महिला मतदारांनी सह्या करायच्या, मग मतदान घ्यायचं आणि मतदानास पात्र असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी करायची. इतकी कठीण अट ओलांडणाऱ्यांचा राग खराच असणार. तरी एक अडचण राहते. हे मतदान परवाना असलेल्या दुकानाविरुद्धच होतं. हातभट्टीला मतपत्रिका नसते. कल्याण-दिवा पट्ट्यात खाडीकाठच्या कांदळवनात आजही भट्ट्यांवर धाडी पडतात. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, ती परमिट रूममध्ये बसून नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की आयर्लंडचा दाखला देऊ नका, तिथले लोक काही कमी पीत नाहीत. मान्य. त्या देशानेही जानेवारी 2022 पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरवली आहे. 1927 पासून गुड फ्रायडेला पब बंद असत, ते 2018 मध्ये पहिल्यांदा उघडले. आपले ‘ड्राय डे’ त्याच जातीचे. 1902 च्या कायद्याने नव्या पब-परवान्यांना जवळपास कुलूपच लावलं होतं. म्हणजे तिथला पबही कायद्यानेच घडवलेला. फरक इतकाच, की त्यांच्या कायद्याने परवाना मालकाच्या नावाला बांधला आणि त्याला गावापुढे उत्तरदायी केलं. आपल्याकडे 2022 मध्ये दारूच्या दुकानांना महापुरुषांची नि गडकिल्ल्यांची नावं द्यायला मनाई झाली. ते योग्यच झालं, पण मालकाचं नाव पाटीवर लिहा असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आणि आता कर. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला 148, विदेशी मद्याला 205 आणि त्यातल्या प्रीमियमला 360 ठरली. बारमधल्या मद्यावरचा व्हॅट त्याआधीच 5 टक्क्यांवरून 10 वर गेला होता, परवाना शुल्कही वाढलं होतं. हॉटेलमालकांच्या ‘आहार’ संघटनेने 14 जुलैला राज्यभर बंद पाळला. मालकांच्या रडगाण्यातलं थोडं कमी करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. तो दहा टक्के व्हॅट बाटलीवर नाही, बसण्यावर आहे. वाइन शॉपमधून क्वार्टर घेणाऱ्याला तो वेगळा भरावा लागत नाही. टेबलावर बसून, मापाने, कुणाच्या तरी नजरेखाली पिणाऱ्याला लागतो. कल्याणला उतरणारा नोकरदार हिशेब करतो आणि क्वार्टर पिशवीत टाकून पुलाखाली, उभ्या रिक्षात किंवा इमारतीच्या गच्चीवर जातो. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, पण तिथे साठचं माप नसतं आणि ऑर्डरला उशीर लावणारा वेटरही नसतो. तिजोरीला पैसा हवा असेल तर तो बाटलीवर लावावा, बसणाऱ्याला आणि घरी नेणाऱ्याला सारखाच. पाच रुपयांचा तो एका दिवसाचा परवाना एकतर दारात खरोखर मागावा, वयाचा पुरावा पाहून, नाहीतर त्याची पुस्तकं छापणं थांबवावं.