ऐंशी पौंडांचा दिलासा

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची 'स्पीड ट्विन' ही मोटारसायकल १९३७ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या पेट्रोलच्या टाकीवरच तिचा डिझायनर एडवर्ड टर्नर याने एक छोटं पॅनेल बसवलं होतं. त्यात अँमीटर, दिव्यांचा स्विच, अंधारात दुरुस्तीला लागणारा छोटा दिवा आणि ऑइल प्रेशरचं गेज. गाडी चालवता चालवता नजर जरा खाली केली की तेलाचा दाब किती आहे ते दिसायचं. १९४९ च्या मॉडेलांवर हे पॅनेल उरलं नाही. हेडलाइट, स्पीडोमीटर, अँमीटर सगळं पत्र्याच्या एका गोलसर टोपात गेलं. गाडी देखणी झाली, टाकी मोकळी झाली, पण गेज गेलं ते गेलंच. पुढच्या गाड्यांवर दाबाची खूण म्हणून उरली ती इंजिनावरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या, टोकाची बारकी दांडी. दाब असला की ती बाहेर येते, दाब गेला की आत जाते. साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या माणसाने वाकून ती बघावी, अशी अपेक्षा खुद्द कारखान्यातही कुणी केली नसेल.

म्हणून आज या गाड्या सांभाळणारे लोक, मग ते बर्मिंगहॅमचे असोत की पुण्याचे, कधी ना कधी गेज बसवायच्या नादाला लागतात. त्यांची भीती रास्त आहे. ट्रायम्फच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची मोठी टोकं क्रँकवर बॉल किंवा रोलरच्या आधाराने फिरत नाहीत. तिथे साधं बेअरिंग आहे: धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग, त्यांच्यात इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतकी फट आणि त्या फटीत तेल. तेल थांबलं की बेअरिंग जातं, आणि जाताना बहुतेक वेळा क्रँकला घेऊन जातं. ६५० सीसीच्या युनिट इंजिनाच्या (ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात) मॅन्युअलमध्ये दाबाचे आकडे स्पष्ट दिलेले आहेत. गाडी पळत असताना ६५ ते ८० पौंड, सावकाश आयडलिंगला २० ते २५. (पौंड म्हणजे दर चौरस इंचावर पौंड. टायरमध्ये हवा भरताना पेट्रोलपंपावर आपण जे पौंड म्हणतो, तेच.)

हा दाब घ्यायचा कुठून? १९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फने दाब गेल्यावर पेटणारा लाल दिवा दिला. त्याचा स्विच टायमिंग कव्हरच्या पुढच्या कडेला बसतो. ज्यांच्याकडे त्यानंतरची गाडी आहे त्यांना ही आयती जागा मिळते. तिथे टी-जोड लावला की दिवाही राहतो आणि गेजही येतं. त्याआधीच्या गाड्यांना रिलीफ व्हॉल्व्हपाशी वेगळा अडॅप्टर करून घ्यावा लागतो. लेथवर हात बसलेल्या माणसाला ते अवघड नाही.

अवघड आहेत ते आटे. नळीच्या कामाचे १/८ इंची आटे दोन घराण्यांचे. ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे बीएसपी, जोसेफ व्हिटवर्थच्या ५५ अंशांच्या कोनाचे आणि इंचाला २८. अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे एनपीटी, ६० अंशांचे आणि इंचाला २७. डोळ्यांना फरक कळत नाही, बोटांनाही पहिल्या फेऱ्यात कळत नाही. चुकीचं निपल दोन फेरे गुमान बसतं, मग अडतं. पाना हातात असलेल्या माणसाला वाटतं, थोडं आवळलं की बसेल. त्यात एनपीटीचे आटे निमुळते असतात. जितकं आत जावं तितकं ते भोवतालच्या धातूला बाहेर रेटतात. टायमिंग कव्हर ॲल्युमिनियमचं आणि त्या भोकाभोवतीची भिंत फार जाड नाही. बारीकसा 'टिक' आवाज येतो, पाना अचानक हलका होतो आणि भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघालेली दिसते. अनेक जुन्या कव्हरांवर वेल्डिंगचा डाग असतो तो याच जागी. शहाणा मेस्त्री म्हणूनच आधी आटेमापक गेजची पाती लावून बघतो आणि समांतर आटे असतील तर खाली तांब्याचा वायसर देऊन बेताने आवळतो.

पुढचं काम नळीचं. ही नळी बारीक असली तरी चालते, आणि त्यामागचं कारण मजेचं आहे. गेजपाशी नळी संपते, तिथून तेल पुढे कुठेच जात नाही. वाहणारं तेल असतं तर बारीक नळीत त्याचा दाब वाटेत कमी झाला असता. साचून उभ्या असलेल्या तेलात, पास्कलच्या नियमाने, दाब या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच. पण नळी तुटली की हे उभं तेल वाहू लागतं. मग पंपाचं तेल बेअरिंगऐवजी रस्त्यावर सांडतं, आणि त्यातलं काही मागच्या टायरवर. टर्नरच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, त्यामुळे त्याची थरथर प्रसिद्धच आहे. तांब्याची नळी सतत हलत राहिली की कडक होत जाते आणि शेवटी चिरते. यावर जुना उपाय असा: नळी आधी लालबुंद तापवून पाण्यात बुडवायची, म्हणजे ती पुन्हा मऊ होते. मग इंजिनाजवळ तिला एक-दोन वेटोळी द्यायची, म्हणजे थरथर एका जागी साचत नाही. हल्ली पुष्कळ जण सरळ स्टीलच्या जाळीचा होज लावतात. जुन्या थाटाला तो शोभत नाही, पण भरवसा त्याचाच जास्त. इंजिनाकडच्या टोकाला अगदी बारीक भोकाची अडवणूक ठेवली तर नळी तुटली तरी तेल धारेने जात नाही. शिवाय पंपाच्या ठोक्यांनी काटा नाचत नाही. ट्रायम्फचा पंप कॅमशाफ्टवर चालणारा प्लंजर पंप आहे. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर तो सेकंदाला आठ ठोके देतो, आणि अडवणूक नसलेल्या गेजवर ते आठही दिसतात.

गेज बसलं. पहिल्या किकला काटा ८० च्या पुढे गेला. मालक खूश. दहा मैलांवर सिग्नलला थांबल्यावर काटा २० वर, आणि मालकाच्या पोटात गोळा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: पंप दाब तयार करत नाही. पंप दर फेऱ्याला ठरलेलं तेल पुढे ढकलतो, बस्स. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, नळ तोच असला तरी. इंजिनात तो अंगठा म्हणजे बेअरिंगची फट. ती फट रुंदावली की तेल सहज निसटतं आणि काटा उतरतो, आणि तो फार झपाट्याने उतरतो. कारण फटीतून होणारी गळती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट सव्वापट झाली तर त्याच दाबाला जवळजवळ दुप्पट तेल निसटतं. झीज ओळखायला गेज उपयोगी पडतं ते याच गणितामुळे. दुसरीकडे तेल तापलं की पातळ होतं. २०डब्ल्यू-५० तेल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शावर १०० अंशांना येतं. सिग्नलला दोन्ही एकदम घडतं: तेल तापून पातळ झालेलं असतं आणि इंजिन मंदावल्याने पंपाचे ठोके कमी झालेले असतात. तेव्हा काटा उतरणारच. मॅन्युअलमधले २० ते २५ पौंड त्याच अवस्थेसाठी लिहिलेले आहेत.

पण मग एक प्रश्न उरतो. रॉडवर जळत्या वायूचा जबरदस्त जोर येतो. त्यापुढे ८० पौंड म्हणजे काहीच नाही. मग तेलाची ती पातळ चादर फाटत कशी नाही?

उत्तर सापडलं तेही एका भोकात गेज बसवताना. बोशँप टॉवर हा इंजिनिअर १८८३ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या ब्रिटिश संस्थेसाठी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला, वर पितळी बेअरिंग, त्यावर वजन. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागलं. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर ती हळूहळू वर सरकत निघून आली. मग टॉवरने तिथे प्रेशर गेज जोडलं. ते २०० पौंडांपर्यंतचं होतं, आणि काटा शेवटच्या खुणेच्याही पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता १०० पौंडांच्या आसपास. पंप नव्हताच. फिरणारा आस स्वतःच्या अंगाला चिकटलेलं तेल निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत ओढून नेत होता आणि तिथे ते कोंडून एवढा दाब निर्माण होत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि बेअरिंगचं शास्त्र आजही त्याच समीकरणावर चालतं. टॉवरच्या प्रयोगातून आणखी एक गंमत बाहेर आली. दाब सर्वांत जास्त जिथे, नेमकं तिथेच तेलासाठी भोक पाडायची तेव्हा रीत होती.

म्हणजे क्रँक उचलून धरणारा दाब बेअरिंग स्वतःच बनवतं. पंपाने फक्त तेल कमी पडू द्यायचं नाही. गेजवर दिसतो तो पंप आणि बेअरिंग यांच्या मधल्या वाटेवरचा दाब.

या फरकाची किंमत ट्रायम्फवाल्यांना चांगली ठाऊक आहे. त्या इंजिनांत आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही, नुसत्या जाळ्या आहेत. बारीक कचरा अडवायला क्रँकच्या पोटात एक पोकळी आहे. क्रँक गरगर फिरतो, जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि तिथेच थरावर थर बसतात. कल्पना नामी आहे, पण ही पोकळी साफ करायची तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. त्यामुळे ती वर्षानुवर्षं साफ होत नाही. ती गच्च भरली की बेअरिंगकडे जाणारं तेल अडतं. आणि गेज? ते अडथळ्याच्या अलीकडे बसलेलं आहे. अडथळा वाढला म्हणजे त्याच्या लेखी दाब उत्तम. पुढे बेअरिंग कोरडं पडत असताना काटा ७० वर डौलात उभा असू शकतो. जुनं इंजिन घेऊन कुणी काट्याचं कौतुक सांगू लागला, तर जाणता मेस्त्री आधी विचारतो की ती पोकळी शेवटची कधी साफ केली होती.

आपल्याकडच्या बुलेटची गोष्ट उलट टोकाची. मद्रासजवळ तिरुवोट्टियुरला बनलेल्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपात अँमीटर आहे, ऑइल गेज मुळातच नाही. रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये सुटा फिरणारा, व्हाइट मेटलचा मुलामा दिलेला बुश, आणि क्रँकच्या टोकाच्या वर्मवर सावकाश चालणारे पंप. ही व्यवस्था कमी दाबाचीच आहे. टॉवरच्या प्रयोगाशी ते सुसंगतच. कोल्हापुरातला एखादा हौशी मालक ट्रायम्फवर बघितलेलं १०० पौंडांचं गेज बुलेटला लावतो, काटा तळाशी लोळताना बघतो आणि धडधाकट इंजिन उघडायला निघतो. त्यापेक्षा रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बॅन्जो बोल्ट सैल करून तेल येतंय का ते बघणारा गॅरेजवाला जास्त शास्त्रशुद्ध वागतो. तेल फिरतंय की नाही, हे तरी त्याला डोळ्यांनी दिसतं.

कमी दाबाच्या इंजिनावर गेजची स्वतःची खोडही नडते. आजही बहुतेक गेजांत एजेन बूर्दाँने १८४९ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेली चपटी, वाकडी नळीच असते. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते, आणि त्या हालचालीवर काटा फिरतो. मोटारसायकलवाले थरथरीला उतारा म्हणून ग्लिसरीन भरलेलं, सीलबंद गेज घेतात. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ते ग्लिसरीन फुगतं, बाहेरून त्या नळीला दाबतं, आणि काटा असलेल्या दाबापेक्षा काही पौंड कमी दाखवतो. ट्रायम्फच्या ८० मध्ये हे खपून जातं. बुलेटवर मात्र मोजायचं तेवढंच पुसलं जातं.

तेव्हा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच गाडीच्या मागच्या आकड्याशी तुलना जास्त कामाची, तीही इंजिन पुरतं तापल्यावर, तेच तेल आणि तोच वेग ठेवून. गेल्या उन्हाळ्यात ताशी पन्नास मैलांना ७० दाखवणारी ट्रायम्फ यंदा ५० दाखवत असेल, तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्याच्या पिस्टनखाली कचरा अडकलाय का आणि स्प्रिंग बसलीय का ते बघायचं. ते घटकाभराचं काम. मग टायमिंग कव्हरमध्ये क्रँकच्या टोकावर बसणारं सील. ते झिजलं तरी तेल तिथूनच निसटतं आणि काटा उतरतो. क्रँक बाहेर काढायची वेळ येते ती त्यानंतर.