कुत्र्याला गडावर नेताना

पायथ्याच्या गावातलं एखादं तांबडं कुत्रं बिस्किटाच्या आशेने पार माथ्यापर्यंत सोबत येतं, हे सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्याच्याकडे बघून वाटतं, आपला लॅब्रॅडोरही सहज चढेल. गल्लत इथेच होते. गावातलं कुत्रं ती वाट रोज तुडवतं, मनात आलं की करवंदीच्या जाळीत पडून राहतं, कंटाळलं तर परत फिरतं. एरवी सोसायटीभोवती फेऱ्या मारणारं, पट्ट्याला बांधलेलं कुत्रं मात्र तुमच्यामागे चालतच राहतं. ‘दमला की बसेल आपोआप’ या भरवशावर राहू नका. मालक पुढे निघालाय म्हटल्यावर कोसळेपर्यंत चालणारी कुत्री असतात.

मुख्य धोका उष्णतेचा. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. अंग गार ठेवायचं ते धापा टाकून. दमट हवेत तेही नीट साधत नाही, त्यामुळे ‘पावसाळ्यात ऊन नाही, मग कसली काळजी’ हे चूक. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना चढणीचा ट्रेक नकोच. हस्कीचे केस भादरले की त्याला गार वाटतं, हाही गैरसमज: त्याची दुहेरी फर ऊनही अडवते. कुत्र्याचं तापमान एरवी ३८.५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, पाय अडखळू लागले, तर सावलीत घ्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. तापलेल्या कातळावर पालथा हात पाच-सात सेकंद ठेवता आला नाही, तर पंजेही भाजणार.

‘जनावरच ते, टाक्यातलं पाणी चालतं’ असं म्हणणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिस आठवावा. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या, साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो. लस दरवर्षी घ्यावी लागते. आणि गडावरची कांदाभजी? आपल्याला स्वर्ग, पण कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. सुक्यामेव्यातले बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

‘आमचा शिकवलेला आहे, मोकळा सोडला तरी जवळच राहतो.’ राहीलही, पण बिबट्याला ते माहीत नसतं. महाराष्ट्रात कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही तर अभयारण्यं. तिथल्या प्राण्यांना कुत्र्यांचे रोग लागू शकतात. तिथे कुत्र्याला नेऊच नका. इतरत्रही पट्टा सोडू नका.

फुरसं किंवा घोणस चावली तर पाय करकचून बांधणं, चिरा देणं यातून फक्त वेळ जातो. कुत्र्याला चालवू नका, उचलून खाली आणा. आपल्याकडे माणसांना देतात तीच सर्पविषविरोधी लस त्यालाही देतात. तेव्हा निघण्यापूर्वीच पायथ्याजवळचा जनावरांचा दवाखाना कुठला, रविवारी तो उघडा असतो का आणि ही लस तिथे मिळते का, हे फोन करून विचारून ठेवा.