रात्री साडेआठला नवा शक
गुरुकुंज मोझरी, ३० एप्रिल २०१९

सकाळी ७.०० : आज ग्रामजयंती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली याच तारखेचा. आश्रमातलं सामुदायिक ध्यान आटोपून घरी आलो आणि ऊन चढायच्या आत लॅपटॉप उघडला. आमचं सॉफ्टवेअर जपानी ग्राहकांची बिलं छापतं, तारीख तिथल्या सम्राटाच्या शकात. सम्राट अकिहितो आज पायउतार होताहेत. मध्यरात्री हेइसेई संपून रेइवा शक लागेल. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे रात्री साडेआठला.

१०.०० : शकांचा तक्ता उघडला. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेई. प्रत्येकापुढे सुरुवातीची तारीख. खाली नवी ओळ टाकली : रेइवा, १ मे २०१९. तारीख साठवायची इसवी सनातच, शक लावायचा तो छापताना. म्हणून एका ओळीत भागतं.

१२.३० : जेवताना आई म्हणाली, "तिकडचा राजा बदलला, त तुले काऊन एवढं काम?" म्हटलं, "शिवाजी महाराजांनी १६७४ला राज्याभिषेक शक सुरू केला, तसंच हे. कागदावरची तारीखच बदलते." तिला लगेच पटलं.

३.०० : कूलरसमोर चाचण्या. ७ जानेवारी १९८९ : शोवा ६४. दुसरा दिवस : हेइसेई १. जुन्या करारांत 'हेइसेई ३५' अशी मुदत आहे. तिला चूक न ठरवता रेइवा ५, म्हणजे २०२३, समजायचं. पहिल्या वर्षाला १ऐवजी 'गान्नेन' छापायची रीतही सांभाळली. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. ते सालही घालून पाहिलं. उत्तर आलं, शोवा ३०.

५.०० : रेइवाची दोन अक्षरं एकाच चौकोनात बसवलेलं चिन्ह युनिकोडच्या १२.१ आवृत्तीत मे महिन्यात येईल. त्याची जागा आधीच राखलेली आहे. तोवर दोन्ही अक्षरं सुटी छापायची. मग सामुदायिक प्रार्थनेला गेलो.

८.३० : पहिलं बिल निघालं : रेइवा गान्नेन, १ मे. आधीच्या बिलांवर हेइसेई ३१ तसंच राहिलं.

९.३० : आता मराठी दिनदर्शिकेचं काम घेणार आहे. ते जास्त अवघड, कारण तुकडोजी महाराजांची जयंती तारखेने आणि पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला; राज्याभिषेक शकाचं वर्ष बदलतं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला; आणि भारतीय सौर पंचांगात आज वैशाख १०, शके १९४१. लोक ज्या गणनेने सण आणि स्मृती पाळतात, ती संगणकावर बिनचूक उतरवणं हे आमचं काम आहे. संगणकाला सोपं जावं म्हणून लोकांनी आपली कालगणना सोडावी, हे मला मान्य नाही.