नोट जुनी आहे, पण दुर्मीळ आहे का?

तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यातल्या पोथीत, लग्नातल्या शालूच्या घडीत... बायकांच्या नोटा ठेवायच्या जागा तुम्हाला मी काय सांगायच्या! त्यातली एखादी नोट तिथेच राहून जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत हाती लागते. पूर्वी ‘अगंबाई!’ म्हणून ती परत ठेवून देत असू. हल्ली मात्र मोबाइलवर जाहिरात आलेली असते, ‘ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आहे? लाखो रुपये मिळवा.’

आमच्या बचत गटातल्या एका काकूंकडे अशा तीन नोटा निघाल्या. जाहिरातीतल्या माणसाने आधी ‘नोंदणी फी’ घेतली, मग ‘कर’ मागितला. त्या करासाठी काकूंनी गटाकडे कर्ज मागितलं, म्हणून आम्हाला कळलं. अर्जात कारण लिहिलं होतं, ‘नोट विकण्यासाठी’. कर्ज थांबवलं, नोंदणीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. पण नुसतं ‘फसवणूक आहे हो’ म्हणून काकूंचं समाधान होईना. ‘मग माझ्या नोटेची खरी किंमत किती, ते तरी सांग,’ त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. इतिहास घेऊन बी.ए. झाल्याचा उपयोग इतक्या वर्षांनी का होईना करावा म्हटलं आणि शोधायला लागले. ग्रंथालयात किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचा भारतीय कागदी चलनावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ चाळला, नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात व्यापाऱ्यांपुढे तास तास उभी राहिले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की नोट किती जुनी याला फारसा अर्थ नाही. ती किती छापली गेली आणि त्यातल्या किती उरल्या, हा खरा हिशेब. काकूंची ट्रॅक्टरवाली नोट वर्षानुवर्षं अमाप छापली गेली. घरोघरी आहे. प्रदर्शनात एका व्यापाऱ्याने ती बघून हसून पुढे सरकवली आणि स्वतःकडची गठ्ठीच दाखवली.

उलट उदाहरण बघा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली आणि जानेवारी १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची! खर्च परवडेना म्हणून १९२६ मध्ये दोन्ही बंद झाल्या. एक रुपयाची पुढे १९४० मध्ये परत आली, अडीचची कधीच नाही. ती हातोहात झिजून गेली, म्हणून आज संग्राहक तिच्यासाठी हजारो रुपये मोजतात.

नोट हातात आली की आधी सही बघा, असं सगळेच सांगतात. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ ची. पाच रुपयांची, सहाव्या जॉर्ज बादशहाच्या चित्राची. तिच्यावर सही दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांची. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांनी एकाही नोटेवर सही केली नाही, तेव्हा कुणी ‘स्मिथसाहेबांची नोट’ विकायला आणली तर लांबूनच नमस्कार. आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर. बादशहाच्या चित्राखाली मराठी माणसाची सही बघताना मला तर भरून आलं. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते. म्हणून डॉ. मनमोहन सिंग यांच्या सह्या दोन्हीकडे सापडतात. सचिव असताना एक रुपयावर, गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर.

गांधी जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, सेवाग्राम आश्रमापुढे बसलेल्या बापूंचं चित्र असलेल्या नोटा निघाल्या. चित्र तेच, पण काहींवर एल. के. झा यांची सही, काहींवर जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर असलेल्या बी. एन. आडारकरांची. आपल्याला एकच दिसणाऱ्या या नोटा संग्राहकाच्या वहीत दोन वेगळ्या. एन. सी. सेनगुप्ता १९७५ मध्ये तीनच महिने गव्हर्नर होते. त्यांच्या सहीची हजाराची नोट आज मिळणं कठीण, कारण जानेवारी १९७८ मध्ये हजाराच्या नोटाच रद्द झाल्या आणि लोकांनी धावपळ करून बँकेत भरल्या. ज्यांनी भरल्या त्यांनी शहाणपणच केलं. ज्या राहिल्या त्या दुर्मीळ झाल्या.

कधी समुद्रही नोट दुर्मीळ करतो. त्या काळी आपल्या नोटा इंग्लंडात छापून बोटीने येत. जुलै १९१८ मध्ये लंडनहून मुंबईकडे निघालेली ‘शिराला’ बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. त्यातल्या काही नोटा किनाऱ्याला लागल्या. दहा रुपयांच्या अशा दोन नोटा २०२४ मध्ये लंडनला लिलावात निघाल्या. १९२८ पासून नाशिकला छपाई सुरू झाली आणि हळूहळू हा बोटीचा प्रवास संपला.

सहीनंतर नंबर. ७८६ किंवा सगळे आकडे सारखे, यांना हौशी गिऱ्हाईक असतं, पण जाहिरातीतले लाख नसतात. नंबराआधी चांदणी दिसली तर नोट खोटी समजू नका. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी २००६ पासून अशी नोट घालतात आणि ती पूर्ण चालते.

आणि मग अवस्था! इथे आपला गृहिणीपणा नडतो. जुनी नोट दिसली की आपण ती पुसतो, चिकटपट्टी लावतो, इस्त्रीसुद्धा करतो. एका बाईंनी तर लॅमिनेट करून आणली होती. यातलं काहीही केलं की किंमत उतरते. कोरी, न दुमडलेली नोट आणि चार घड्यांची नोट यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. पूर्वी बँकेतली गड्डी पिन मारूनच येई, त्यामुळे जुन्या कोऱ्या नोटेलाही भोकं असायची; तेवढं संग्राहक चालवून घेतात. ग्रंथातला भाव वाचून मात्र हुरळून जाऊ नका. व्यापारी त्याहून बराच कमी देतो. त्यालाही दुकान चालवायचं असतं.

खरा खरेदीदार तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही, हे मी आता गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते. जुन्या नोटा विकून देतो म्हणून आपल्या नावाने फी आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय.

बैठकीत हटकून येणारा आणखी एक प्रश्न म्हणजे २०१६ च्या नोटाबंदीतल्या पाचशे-हजाराच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून साठवलेल्या आणि म्हणूनच बँकेत न गेलेल्या. त्या आता बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा नोटा एकूण दहापर्यंतच जवळ ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त असल्या तर दंड होतो. तेव्हा डबे उघडाल तेव्हा आधी तेवढ्या मोजून घ्या.