घरपट्टीच्या अपिलात न्याय कोण करतो?

घरपट्टी वाढून आली की आपण आधी कारकुनाशी वाद घालतो, मग ओळखीचा नगरसेवक शोधतो. कायद्याने अपील ऐकायला कोणाला बसवले आहे आणि त्याची पात्रता काय, हे सहसा कोणी विचारत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. घर कोणाच्या हद्दीत आहे, यावर ती बदलतात.

गावातल्या घरासाठी १९५८चा ग्रामपंचायत कायदा लागू होतो. त्याच्या कलम १२४नुसार अपील पंचायत समितीकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाते. जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांत १४ पंचायत समित्या आहेत. सदस्य व्हायला वय किमान २१ आणि मतदारयादीत नाव लागते. घराचे मूल्य कसे काढतात हे ठाऊक असण्याची अट नाही. लोकांचे मत हीच पात्रता. मार्च २०२२मध्ये मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा नेमकी तीच पात्रता गळून पडली. लोकप्रतिनिधींच्या जागी गटविकास अधिकारी बसले.

संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर अशा नगरपरिषदांना १९६५चा कायदा आहे. त्यात कलम १६९खाली मालमत्ता कर अपील समितीची तरतूद आहे. प्रांताधिकारी तिचे अध्यक्ष, नगराध्यक्षही सदस्य. इथे पात्रता पदाची. पण कर लावणाऱ्या संस्थेचा प्रमुखच त्या कराविरुद्धची तक्रार ऐकायला बसतो, ही गोष्ट मला खटकते.

नगर शहरात २००३मध्ये महानगरपालिका झाली आणि १९४९चा कायदा लागू झाला. कलम ४०६नुसार इथले अपील दिवाणी न्यायाधीशापुढे जाते. कायद्याची पदवी, न्यायदानाचा अनुभव, पालिकेपासून अंतर हे सारे इथे आहे. मात्र दार अरुंद आहे. आधी आयुक्तांकडे तक्रार हवी, अपिलाची मुदत १५ दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. अहमदाबादच्या अनंत मिल्स प्रकरणात १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम भरण्याची अट वैध ठरवली.

जुन्या गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार वतनाच्या हक्काने बसत. जन्माने मिळालेली ती पात्रता आज कोणी मागणार नाही. पण वादातला बांध त्यांनी स्वतः पाहिलेला असे. आजच्या तिन्ही व्यवस्थांत मत आहे, पद आहे, पदवी आहे. घर पाहिलेला माणूस असेलच अशी हमी कुठेच नाही. माझ्या मते प्रत्येक अपिलात मूल्यांकन जाणणारी एक तटस्थ व्यक्ती असावी आणि कर लावणाऱ्याला तिथे जागा नसावी.

तोवर ही उणीव करदात्यालाच भरून काढावी लागेल. अपिलाला जाताना घराची स्वतः घेतलेली मापे, बांधकामाचे वर्ष, जुन्या पावत्या आणि शेजारच्या तशाच घराची आकारणी सोबत न्यावी. समोर बसलेल्याने ते घर पाहिलेले नसते.