चावण्याचा स्नायू आणि न उघडणारे तोंड

दोन्ही तळहात गालांवर, कानांच्या थोडे पुढे व खाली ठेवून दाढा एकमेकींवर घट्ट दाबाव्यात. हाताखाली जो टणक उंचवटा जाणवतो, तो चावण्याचा प्रमुख स्नायू होय. वैद्यकीय भाषेत त्यास मॅसेटर म्हणतात. दाढा सैल सोडताच तो मऊ पडतो.

हा स्नायू जाड व साधारणतः चौकोनी असतो. वरच्या बाजूस तो गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघतो आणि खाली जबड्याच्या कोनास व त्यावरील उभ्या भागास बाहेरून जोडलेला असतो. त्याच्या वरवरच्या थरातील तंतू तिरपे, खाली व मागे जातात. आतील थराचे तंतू जवळजवळ उभे असतात. तो आकुंचन पावला की खालचा जबडा वर उचलला जातो. मेंदूपासून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची शाखा त्यास चालना देते. चेहऱ्यावरील हावभावांचे स्नायू मात्र सातव्या मज्जातंतूच्या आधीन असतात. म्हणूनच चेहऱ्याच्या लकव्यात तोंड वाकडे झाले तरी चावण्याची शक्ती सहसा टिकून राहते.

कानशिलावरील पंख्याच्या आकाराचा स्नायू व जबड्याच्या आतील बाजूचा एक स्नायू असे आणखी दोन स्नायू तोंड मिटण्यास साहाय्य करतात. चौथा, आकाराने लहान, जबडा पुढे ओढून तोंड उघडण्यास हातभार लावतो. परंतु स्नायू कितीही सुदृढ असले, तरी गालाचे आतील अस्तर ताणले गेले नाही तर तोंड उघडत नाही.

येथेच अनेकांची गल्लत होते. सुपारी, पानमसाला, गुटखा, मावा किंवा खर्रा चघळणाऱ्या व्यक्तीचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. ती ते स्नायूंचे आखडणे समजते आणि गालास तेल चोळत राहते. वास्तविक सुपारीतील घटकांमुळे गालाच्या अस्तराखाली कठीण तंतू साठतात व अस्तर पांढुरके, ताठर होते. तिखट खाताच तोंडात आग होणे हे याचे आरंभीचे लक्षण. या विकाराचे पुढे तोंडाच्या कर्करोगात रूपांतर होऊ शकते. तंबाखू नसलेली सुगंधी सुपारी निर्धोक असते, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीस कर्करोगकारक ठरविले आहे.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. स्वतःची तर्जनी, मधले बोट व अनामिका जुळवून, एकावर एक येतील अशी समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही बोटे शिरत नसल्यास दंतवैद्यास अवश्य दाखवावे. अक्कलदाढेचा जंतुसंसर्ग, दात खाण्याची सवय वा सांध्याचा दोष यांमुळेही असे होते. त्यांवर बहुधा चांगला उपचार होतो. सुपारीमुळे आलेला ताठरपणा मात्र सहसा पूर्णपणे ओसरत नाही. सवय आजच सोडल्यास तो वाढण्याचे थांबू शकते. त्यानंतरही नियमित तपासणी चालू ठेवावी.

जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा एकाएकी आवळला गेल्यास तो धनुर्वात असू शकतो. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तंबाखूयुक्त पदार्थ सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय सेवेचा निःशुल्क दूरध्वनी: १८००-११-२३५६